उत्तर: आंबेनळीत चेन तुटली, हेल्पलाइन आली नाही, आता पुढं काय?

भावा, तुझी पोस्ट वाचली आणि अक्षरशः पोटात गोळा आला. साताऱ्याहून सहा गाड्या, महाबळेश्वर करून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरताना चेनचा टकटक आवाज, ग्रुपवाले म्हणाले "चल की, खाली गेल्यावर बघू", मग चेन तुटली, हेल्पलाइनवाल्यांनी चार तास झुलवलं, आणि आता गाडी पोलादपूरच्या गॅरेजात पडलीय आणि तिथला मेकॅनिक म्हणतोय इंजिनची केस, म्हणजे बाहेरचं कवच, बदलायला लागणार. तुझे प्रश्न दोन: विम्याचा क्लेम मिळतो का, आणि खर्चात ग्रुपनं वाटा उचलायचा का. दोन्हीवर बोलतो, पण आधी माझं ऐक, कारण गाव आणि घाट सोडला तर ही सगळी माझीच गोष्ट आहे.

मी सांगलीचा. २०२२ ला गणपती उठल्यावर आम्ही सात गाड्या काढल्या, सांगली-कराड-पाटण-कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथनं गुहागर मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं परत. माझी दीडशे सीसी, मागं मेव्हणा आणि त्याची ती बॅग (दोन दिवसाला एवढे कपडे कशाला लागतात देव जाणे). निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी चेनसेट (चेन आणि तिची पुढची-मागची दातेरी चक्रं) नवीन टाकून घेतला. ही पहिली चूक, पण ही सगळेच करतात म्हणून जास्त बोलत नाही. सर्व्हिसिंग ट्रिपच्या आठ-दहा दिवस आधी करायचं आणि मधे गाडी शंभर-दोनशे किलोमीटर गावातच पळवायची, म्हणजे मेकॅनिकनं काय विसरलंय ते गावातच कळतं. बस.

खरी चूक पुढं आहे. जाताना पाटणच्या अलीकडं माझं मागचं टायर पंक्चर झालं आणि त्यात पाऊण तास गेला. लीडर काही बोलला नाही पण घड्याळ बघत होता. मग गुहागरात बाकीच्यांनी रात्रभर त्यावरनं माझी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर नाश्ता केला, आणि निघायला म्हणून मी गाडी हातानं मागं ओढली तर चेनपाशी 'टक्' झालं. परत ढकलली, थोडं अंतर गेल्यावर परत 'टक्'. चेनचा एक फेरा पूर्ण झाला की एकदा, अगदी मोजून. मी वाकून बघितलं, चिखलानं सगळं काळं झालेलं, काही दिसलं नाही. आणि समोर, रस्त्याच्या पलीकडं, एक गॅरेजवाला शटर वर करून उदबत्ती ओवाळत होता. वीस पावलं असतील. बाकीच्या सहा गाड्या सुरू होऊन उभ्या होत्या, लीडरनं हॉर्न दिला, आणि मी हेल्मेट चढवलं.

भावा, मला त्या हॉर्नचा राग नाही. मला माझाच राग येतो. "एक मिनिट थांबा रे, चेन बघून घेतो" एवढं वाक्य मला बोलवलं नाही, का तर काल माझ्यामुळं उशीर झालेला, आज परत मीच कसं थांबवू. तू पण लिहिलंयस की "सगळे पुढं जायच्या मूडमध्ये होते म्हणून मीही गप्प बसलो". तेच. गाडी चेननं मारली नाही तुझी, भिडेनं मारली. माझी पण.

खेर्डी, अलोरे, शिरगाव, पोफळी, इथपर्यंत काही झालं नाही, इंजिनच्या आवाजात टक्टक् ऐकूच येत नव्हती. घाट चढायला लागलो, पाऊस बारीक, धुकं इतकं की पुढच्या गाडीचा मागचा लाइट तेवढा दिसतोय. एका उजव्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये रेस दिली आणि खाडकन आवाज. इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी जागेवर, आणि पुढच्या क्षणाला गाडी मागं सरकायला लागली. दोन माणसं, बॅग, ओला रस्ता, आणि मागं एसटी. मी दोन्ही ब्रेक धरले, मेव्हण्यानं दोन्ही पाय टेकवले, एसटीच्या ड्रायव्हरनं शिव्या देऊन का होईना गाडी वेळेत थांबवली म्हणून आज हे टाइप करतोय. चेन सुटली की गाडीला इंजिनचा आधार राहत नाही, चढ असो नाहीतर उतार, तुझ्याकडं फक्त ब्रेक उरतात. तू लिहिलंयस की चेन तुटल्यावर दोन-तीन किलोमीटर न्यूट्रलमध्ये गाडी सोडत खाली आणलीस. परत असलं करू नको. मागचा ड्रम ब्रेक तापला की धरत नाही आणि पुढच्या डिस्कचं ऑइल उकळलं की लिव्हर मऊ होऊन मुठीपर्यंत येतो. आंबेनळीसारख्या घाटात तर अजिबात नको.

आता चेन का तुटली ते सांगतो, कारण हे मेकॅनिक कधी सांगत नाहीत. चेनच्या दोन टोकांना जोडणारं जे लॉक असतं त्यावर एक छोटी क्लिप बसते, माशासारखी दिसते. एका बाजूला बंद तोंड, दुसऱ्या बाजूला फाटलेली शेपूट. चेन ज्या दिशेनं पळते तिकडं माशाचं तोंड पाहिजे. म्हणजे क्लिप चेनच्या वरच्या बाजूला आणून बघितली तर तोंड गाडीच्या पुढच्या चाकाकडं, खालच्या बाजूला आणून बघितली तर मागच्या चाकाकडं. उलटी बसवली तर शेपूट पुढं होते, कुठं ना कुठं घासून, अडकून क्लिप उडते, मग लॉकची बाहेरची पट्टी हळूहळू सरकून बाहेर येते आणि दर फेऱ्याला कव्हरला लागते. तीच माझी टक्टक्. बहादूरशेख नाक्यावर ती पट्टी अजून पिनेवर होती. वीस पावलांवर नवीन लॉक मिळालं असतं, चहाच्या दोन कपांच्या पैशात.

माझी क्लिप उलटीच होती हे मला कसं कळलं? मेव्हण्यानं गुहागरच्या बीचवर गाडीला टेकून फोटो काढून घेतलेला, पावसात धुतलेली गाडी, चेन स्वच्छ. आठवड्यानं तो फोटो झूम करून बघितला तर चेनच्या वरच्या बाजूला लॉक, आणि शेपूट पुढं. मेकॅनिकला दाखवला. तो म्हणाला, "फोटो उलटा आलाय." जाऊ दे.

आता हेल्पलाइन. नाव घेत नाही, विम्याबरोबर रोडसाइड असिस्टन्स (गाडी वाटेत बंद पडली की मदत पाठवायची सोय) म्हणून एक अ‍ॅड-ऑन मी दरवर्षी भरायचो. घाटात एका वळणावर रेंजच्या दोन काड्या आल्या, तिथं उभं राहून फोन लावला. नऊ मिनिटं बटणं दाबल्यावर बाई आली. "सर, लोकेशनचा पिनकोड सांगा." घाटाचा पिनकोड मला काय माहीत! "जवळचं लँडमार्क?" म्हणलं मॅडम, दोन माकडं बसलीत. त्यांना हसू आलं नाही. पिनकोडशिवाय केस पुढं जाणार नाही म्हणाल्या, मग मला जो एकच पाठ होता तो सांगितला, ४१६४१६, आणि चार वेळा बजावलं की हा घरचा आहे, मी कुंभार्ली घाटात आहे. "नोट केलंय सर." दीड तासानं एक फोन आला, "दादा, मी विश्रामबागेत उभाय, गाडी कुठं हाय तुमची?" तो बिचारा सांगलीत मला शोधत होता. त्यानंतर परत फोन, परत बटणं, परत नवीन माणूस, आणि शेवटी कळलं की पन्नास किलोमीटरपर्यंतच फुकट, आणि त्या भागात जी गाडी आहे ती कारची क्रेन, टू-व्हीलर तिच्यावर घेत नाहीत. संध्याकाळी मेसेज आला, ग्राहक संपर्कात नसल्यामुळं केस बंद. मी घाटात भिजत उभा, आणि मीच संपर्कात नाही!

त्यामुळं माझं मत (माझं मत, हां, कुणाचा चांगला अनुभव असेल तर आनंद आहे): घाटात हेल्पलाइनला एक फोन करून केस नंबर घ्यायचा आणि तिच्या भरवशावर न राहता लगेच रिकामी जाणारी पिकअप शोधायची. कोकणात भाजी टाकून घाटावर रिकाम्या परतणाऱ्या गाड्या असतात. आम्हाला तशीच एक मिळाली, कराडपर्यंत अडीच हजार. फळी नव्हती, तर ड्रायव्हरनं पिकअप रस्त्याकडच्या मातीच्या उंचवट्याला मागं लावली, फाळका आणि उंचवटा एका लेव्हलला, तिघांनी गाडी सरळ आत ढकलली. हे ध्यानात ठेव, उपयोगी पडतं. दोर हँडलला बांधू नका, वळतं. पुढच्या फोर्कच्या खालच्या टी-ला (दोन्ही फोर्क जोडणाऱ्या आडव्या पट्टीला) बांधा, शॉकअप थोडे दाबून, आणि गाडी साइड स्टँडवर ठेवून तर मुळीच नाही.

आणि हो, आमचं टूलकिट कुठं होतं? लीडरच्या गाडीवर. लीडर तोवर कोयनानगर गाठून चहा पीत होता. टूलकिट आणि पंक्चर किट कायम शेवटच्या गाडीवर पाहिजे, जो मागं पडतो त्याच्यापर्यंत पुढचा माणूस पोचत नाही, मागचा पोचतो.

आता तुझ्या गाडीचं. चेन तुटली की ती पुढच्या छोट्या स्प्रॉकेटपाशी (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्रापाशी) गोळा होते आणि तिथली अ‍ॅल्युमिनियमची केस फोडते, हे खरं आहे, माझी फुटली. पण तुझा मेकॅनिक बघून सांगतोय की अंदाजानं, ते विचार. डाव्या बाजूचं स्प्रॉकेट कव्हर काढायला सांग, आतला सगळा काळा चिकटा पेट्रोलनं धुवायला सांग, फडक्यानं कोरडं कर, मग ऑइल लेव्हल बघून गाडी दोन मिनिटं चालू ठेव आणि ऑइल कुठनं येतंय ते डोळ्यानं बघ. नुसतं कव्हर फुटलं असेल तर स्वस्तात सुटलास. शाफ्टच्या भोवतीनं येत असेल तर बहुतेक ऑइल सील गेलंय, तेही किरकोळ. केसला चीर असेल तरी लगेच पूर्ण केस बदलायची गरज नसते, चीर बेअरिंगच्या घरापर्यंत गेलेली नसेल तर आर्गन वेल्डिंग होतं. माझं कुपवाड एमआयडीसीत करून घेतलं, इंजिन खोलणं, वेल्डिंग, पॅकिंग, ऑइल, नवीन चेन धरून साधारण अकरा हजार गेले, गाडी आजही पळतेय. एम-सील लावून घरी आणायचा विचार करत असशील तर तेलकट जागेवर ते धरत नाही, मी करून बघितलंय. मी मेकॅनिक नाही, फोटोवरनं सांगणं अवघड, पण तुझ्या जागी मी असतो तर इंजिन पोलादपूरला खोलू दिलं नसतं, पिकअपनं साताऱ्याला आणलं असतं.

क्लेम: विसर. टू-व्हीलरच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेलाच असतो, अपघात झाला असता तर गोष्ट वेगळी. आणि कुणीतरी तुला खाली सुचवलंय तसं "गाडी पडली होती" म्हणून लिहून देऊ नको, खोट्या क्लेमच्या भानगडीत पडू नको. पण हेल्पलाइन आली नाही ही वेगळी तक्रार आहे, त्या सेवेचे तू पैसे भरलेत. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला मेल कर, केस नंबर, कॉलच्या वेळा, पिकअपवाल्याला पैसे दिल्याचा पुरावा जोडून. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर आयआरडीएआयचं (विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) बीमा भरोसा हे तक्रारीचं पोर्टल आहे, १५५२५५ हा त्यांचा नंबर, आणि त्यावर विमा लोकपाल, आपल्याला पुण्याचं ऑफिस लागतं, फी नाही, वकील लागत नाही. मी एवढं केलं नाही, कंटाळलो. तू कर. वकील मी पण नाही, तेव्हा पॉलिसीचा कागद स्वतः वाच.

ग्रुपचा वाटा. इथं माझं मत बऱ्याच जणांना पटणार नाही. गाडीची दुरुस्ती ज्याची त्यानं करायची, त्यात दोस्ती आणायची नाही. पण पिकअप, जास्तीचा मुक्काम, तिथलं जेवण, हे ट्रिपचं, म्हणजे सगळ्यांचं. आमच्यात पाच जणांनी न मागता दिले, एकानं हिशोब मागितला, आणि जो सगळ्यात जास्त "आपण भाऊ आहोत" म्हणायचा त्यानं अजून दिलेले नाहीत, तीनशे सत्तावन्न रुपये. आता निघायच्या आधी प्रत्येकी पाचशे जमा करतो, उरले तर परत येताना मिसळ.

तुझ्या ग्रुपवर मात्र चिडू नको लगेच. "चल की" म्हणणाऱ्याला चेनचा आवाज ऐकू आला होता का ते आधी विचार. माझ्या लीडरला मी महिन्यानं सगळं सांगितलं, तर तो माझ्यावरच भडकला, "अरे मला वाटलं तू मोबाइल शोधतोयस, म्हणून हॉर्न दिला!"

तर आता दोन गोष्टी कळव. स्प्रॉकेट कव्हर काढल्यावर आतला एक फोटो टाक, फ्लॅश मारून. आणि तुटलेली चेन फेकली नसशील तर तिची दोन्ही टोकं बघ, लॉकची पिन शाबूत आहे की कडीच मधनं तुटलीय. कडी तुटली असेल तर चेन फार ताणून बसवली होती का ते बघावं लागेल, मागं माणूस बसला की ती अजून ताणते. पिन शाबूत असेल तर ट्रिपचे फोटो काढ आणि झूम करून बघ.