बादलीचा रंग बाहेर का सांडतो?

प्रश्न : आईच्या वहीतल्या रांगोळ्या स्कॅन करून संगणकावरच्या ‘पेंट’मध्ये रंगवतेय. बादलीने (रंग भरायच्या साधनाने) रंग भरला की रेघांलगत करडे ठिपके उरतात, कधी रंग चित्रभर पसरतो. काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, माझ्या आजीच्या वहीचंही असंच झालं होतं. दोन रात्री मी ते ठिपके एकेक करून पुसत बसले होते. तुम्ही तसं करू नका.

तुमची फाइल जेपीजी असणार. हा फाइलचा प्रकार चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे (चित्र ज्या बारीक ठिपक्यांचं बनतं त्यांचे) चौकोन पाडून माहिती आटवते, त्यामुळे काळ्या रेघेलगत फिकट करड्या छटा उमटतात. बादली मात्र अगदी सारख्या, लागून असलेल्या रंगावरच चालते. म्हणून आधी चित्र ‘मोनोक्रोम बिटमॅप’ म्हणून वेगळ्या नावाने सेव्ह करा. उरेल फक्त काळं-पांढरं. पेन्सिलच्या अगदी पुसट रेघा मात्र यात जातात, त्या आधी गडद करून घ्या. मग तीच फाइल ‘२४-बिट बिटमॅप’ म्हणून सेव्ह करून पुन्हा उघडा आणि रंग भरा.

रंग पसरला की लगेच कंट्रोल-झेड दाबून तो मागे घ्या. रेघेत कुठेतरी फट आहे. ८०० टक्के मोठं करून बघा; माझ्या आजीच्या कमळात पाकळीच्या टोकाशी एकाच ठिपक्याची फट होती. पेंटमधल्या पेन्सिलने ती बुजवा.

पूर्ण झालेलं चित्र पीएनजी प्रकारच्या फाइलमध्ये ठेवा, त्यात अशा करड्या छटा उमटत नाहीत. मूळ स्कॅनला हात लावू नका, वहीचा कागद पुढे टिकेलच असं नाही.