'रक्त हवे' असा मेसेज पुढे पाठवण्याआधी काय तपासावं?

आधी तारीख बघा. 'आज संध्याकाळपर्यंत' एवढंच लिहिलेलं असेल तर तो 'आज' कधीचा, कोण सांगणार? 'खोटा असला तरी माझं काय जातं, खरा असेल तर जीव वाचेल' या हिशेबानेच माणसं असे मेसेज न तपासता ढकलतात. भावना चांगली, पण जातं ते नातेवाइकाचं: गरज भागल्यावरही त्याचा फोन वाजत राहतो. मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो बराच फिरलेला आहे. २०२० पासून व्हॉट्सॲप असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवू देतं.

म्हणून दिलेल्या नंबरवर एकदाच फोन करा. रुग्णालय, रक्तगट, किती पिशव्या, आणि रक्त हवंय की प्लेटलेट्स, हे विचारा. प्लेटलेट्स साधारण पाचच दिवस टिकतात, त्यामुळे तिथे घाई खरी असते. रक्तपेढ्यांमधला साठा सरकारच्या ई-रक्तकोष पोर्टलवर दिसतो, तरी रक्तपेढीला फोन करून खात्री करा.

पाठवायचाच तर त्याच शहरातल्या, त्या रक्तगटाच्या, शेवटच्या रक्तदानाला पुरुष असल्यास ९० आणि स्त्री असल्यास १२० दिवस झालेल्या ओळखीच्यांना थेट पाठवा. तारीख-वेळ स्वतः घाला. रक्त मिळालं की 'गरज भागली' हेही त्याच सगळ्यांना कळवा; नेमकं हेच राहून जातं.