मामांच्या कपाटातला पेपर, आणि पुढचा

तुमचे प्रश्न दोन आहेत. तुमच्या मामांच्या कपाटात निघालेले, मुदत उलटून वीस वर्षं झालेले ब्लॅक अँड व्हाइट फोटो छापायच्या पेपरचे डबे वापरता येतील का? आणि फिल्मचंच काही खरं नसताना एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून पेपरवर पाडणारं यंत्र, घ्यावं का?

आधी डबे. पूर्ण अंधारात एक पान काढून त्याच्या दोन पट्ट्या कापा. एक तशीच फिक्सरमध्ये (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात) टाका. दुसरी दोन मिनिटं डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या द्रावणात) हलवत ठेवा, मग फिक्सर. दोन्ही धुऊन उजेडात एकमेकींना चिकटवून धरा. नुसतं एकाच पट्टीकडे बघून काही कळणार नाही, कारण डोळा लगेच राखाडीलाही पांढरं मानू लागतो. दोन्ही सारख्या दिसल्या तर पेपर ठणठणीत. दुसरी किंचित मळकट असेल तर डेव्हलपरमध्ये थोडं बेंझोट्रायाझोल हे रसायन घाला. फॉग, म्हणजे ही राखाडी झाक, दबतो, मात्र एक्स्पोजर (पेपरवर प्रकाश पाडायचा वेळ) थोडं वाढवावं लागतं. चांगलीच राखाडी झाली असेल तर तो पेपर फोटोग्रामच्या (पेपरवर वस्तू ठेवून त्यांच्या सावल्या उमटवायच्या) खेळासाठी ठेवा, प्रिंटचा आग्रह नको. ठरावीक ग्रेडचे, म्हणजे एकाच कॉन्ट्रास्टचे, जुने पेपर बऱ्याचदा तग धरतात. फिल्टर बदलून कॉन्ट्रास्ट बदलता येणाऱ्या मल्टिग्रेड पेपरचा कॉन्ट्रास्ट मात्र वयाबरोबर उतरतो, सर्वांत जास्त कॉन्ट्रास्टचा पाच नंबरचा फिल्टर लावूनही काळा हवा तसा खोल येत नाही.

आता दुसरा प्रश्न, ज्यावर मला जास्त बोलायचंय. एन्लार्जर जरूर घ्या. फिल्मची मला फारशी चिंता वाटत नाही. कोडॅकने 2012 मध्ये बंद केलेली एक्टाक्रोम ही फिल्म 2018 मध्ये परत आणली, फुजीची अॅक्रॉस ही फिल्म 2018 मध्ये बंद होऊन पुढच्याच वर्षी नव्या रूपात आली. शिवाय सिनेमावाले अजून फिल्मवर शूट करतात, त्यामुळे फिल्मवर रसायनांचा थर चढवणारी कोटिंगची यंत्रं चालू राहतात. पेपरला असा कुणाचाच टेकू नाही. आज रोल घालणारे बहुतेक जण निगेटिव्ह स्कॅन करतात आणि फोटो स्क्रीनवर बघतात. त्यात वाईट काही नाही, पण त्याने पेपरचं एक पानही खपत नाही. पेपर टिकायचा तर तो एन्लार्जरखाली ठेवणाऱ्यांच्याच जोरावर.

2005 च्या जूनमध्ये कोडॅकने ब्लॅक अँड व्हाइट पेपर बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्याच वर्षी आग्फाफोटो ही फिल्म आणि पेपर बनवणारी जर्मन कंपनी दिवाळखोरीत गेली. तेव्हा घाबरून मी मिळेल तेवढा पेपर साठवला. शेवटचे डबे उघडेपर्यंत त्यांतला शुभ्र पांढरा निघून गेला होता. त्याहून वाईट म्हणजे त्या सगळ्या वर्षांत मी नवा पेपर घेतलाच नाही. आणि नेमकी तीच वर्षं पेपर बनवणाऱ्यांसाठी कसोटीची होती! फिल्म आणि पेपर बनवणारी इलफर्डची ब्रिटिश कंपनी 2004 मध्ये बुडायला आली, तिथल्याच व्यवस्थापकांनी ती विकत घेऊन हार्मन टेक्नॉलॉजी म्हणून उभी केली. त्यांचा मल्टिग्रेड पेपर आजही इंग्लंडमधल्या मोबर्लीत बनतो. चेक प्रजासत्ताकातली फोमा ही कंपनी 1921 पासूनची. आग्फाच्या मल्टिकॉन्ट्रास्ट क्लासिक या पेपरचा वारसा अॅडॉक्स कंपनीने आपल्या एमसीसी 110 पेपरमध्ये पुढे नेला. हे कारखाने म्हणजे मोठाली यंत्रं, आणि ती दोनचार डब्यांसाठी सुरू करता येत नाहीत. म्हणून माझं कळकळीचं सांगणं: साठा करू नका, लागेल तसा नवा पेपर घेत राहा. जुने डबे सरावाला ठेवा.

सुरुवात आरसी (प्लॅस्टिकचा थर असलेल्या) पेपरने करा. एका मिनिटात डेव्हलप होतो, दोनेक मिनिटांत धुतला जातो, चुका लवकर कळतात. हात बसला की फायबर बेस, म्हणजे असा प्लॅस्टिकचा थर नसलेला कागदी पेपर, घ्या. त्याला धुवायलाच तासभर लागू शकतो, सुकताना कडा वळतात, पण त्याच्या बॅराइटाच्या (कागदावरच्या पांढऱ्या खनिजाच्या) थरावरचा काळा बघितलात की हे कष्ट का करायचे ते विचारावं लागणार नाही. एक मात्र ध्यानात ठेवा. ट्रेमधून काढलेला ओला फायबर प्रिंट उजळ दिसतो आणि वाळला की गडद होतो. ढगांतला जो बारीक तपशील ओल्यात अगदी बरोबर वाटतो, तो सकाळी जड झालेला असतो. त्यामुळे टेस्ट स्ट्रिप (वेगवेगळ्या वेळा उजेड देऊन बघायची चाचणीची पट्टी) वाळवूनच वेळ ठरवा, सहसा एक्स्पोजर पाच ते दहा टक्के कमी करावं लागतं.

एन्लार्जर घेताना लेन्स टॉर्च लावून आरपार बघा, बुरशीचे धागे दिसले तर ती लेन्स सोडा. 35 मिमी फिल्मला 50 मिमीची लेन्स, सहा बाय सहा सेंटिमीटरच्या निगेटिव्हला 80 मिमीची.

दोन पट्ट्यांचा प्रयोग झाला की डब्यावरचं नाव आणि ग्रेड इथेच कळवा, बेंझोट्रायाझोल किती घालायचं ते त्यावरून ठरवू.