आमच्या गटाकडे पाच लाख रुपये जमले आहेत. जव्हारजवळच्या पाड्यावर सोलर बसवायला कोणत्या संस्थेला द्यावेत?

तुम्ही लिहिलंय की पाडा तीसेक घरांचा आहे, काही पैसे अमेरिकेतल्या नातेवाइकांचे आहेत आणि देणगी मधल्यामध्ये मुरू नये ही तुमची मुख्य काळजी आहे. काळजी रास्त आहे. पण या कामात पैसा सगळ्यात जास्त वाया जातो तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी बंद पडलेल्या बॅटऱ्यांमध्ये, असं माझं मत आहे. उद्घाटनाचे फोटो छान येतात. पुढे दोन पावसाळे गेले की दिवे मंद होतात, बसवणारा फोन उचलत नाही आणि छपरावर नुसतं पॅनेल उरतं. म्हणून संस्था कोणतीही असो, पहिला प्रश्न हा विचारा: पाचव्या वर्षी बॅटरी कोण बदलणार, आणि कुठल्या पैशातून? याचं आकड्यांत उत्तर मिळालं नाही तर पुढची बोलणी करू नका.

त्याआधी एक साधी चौकशी करा. २०१७ च्या सौभाग्य योजनेनंतर बहुतेक पाड्यांवर कागदोपत्री तरी वीज पोचली आहे. तेव्हा खांब आलेत का, मीटर बसलेत का, आणि बसले असतील तर संध्याकाळी सहा ते दहा वीज असते का, हे पाड्यावर जाऊन बघा आणि महावितरणच्या शाखा कार्यालयातही विचारा. वर्षभरात लाइन येणार असेल तर घरगुती संच बसवू नका. लाइन आली की ते माळ्यावर जातात. लाइन आहे पण भरवशाची नाही, असं असेल तर पैसे वेगळ्या कामाला लावावेत. त्याबद्दल खाली लिहितो.

समजा, लाइन नाही आणि लवकर येणारही नाही. मग घरटी संच केवढा हवा ते तुम्ही स्वतः मोजू शकता. पाच वॅटचे तीन दिवे रोज पाच तास, म्हणजे ७५ वॅट-तास. दोन मोबाइलचे २० धरा. एकूण ९५. कोटेशन देणारा महाराष्ट्रात दिवसाला सरासरी पाच तास पूर्ण ऊन मिळतं असं धरून ३० किंवा ४० वॅटचं पॅनेल लिहितो. वर्षाच्या सरासरीला हा हिशोब बरोबर आहे, पण जव्हारच्या जुलै-ऑगस्टला नाही. तेव्हा अडीच तासच धरा. वायर, कंट्रोलर (बॅटरीचं चार्जिंग आणि वापर सांभाळणारी डबी), बॅटरी यांत ३० टक्के गळती धरली तर ९५ ला अडीचने भागायचं आणि परत ०.७ ने भागायचं. उत्तर येतं ५४, म्हणजे ६० वॅटचं पॅनेल. ३० आणि ६० वॅटच्या पॅनेलच्या किमतीतला फरक मोठा नाही, पण संचाचं आयुष्य या फरकावर ठरतं. पॅनेल लहान पडलं की लेड-ॲसिड बॅटरी दोन महिने अर्धवट चार्ज राहते, प्लेटांवर सल्फेट कडक होतं आणि ती क्षमता नंतर कितीही ऊन दिलं तरी परत येत नाही.

बॅटरीत दोन दिवसांचा साठा धरा, म्हणजे १९० वॅट-तास. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवायची नसते, त्यामुळे १२ व्होल्टची ४० एएच (अँपिअर-तास) लागेल. लिथियम फेरो फॉस्फेट ८० टक्के वापरता येते, त्यामुळे १२.८ व्होल्टची २० एएच पुरते. पाड्यासाठी मी लिथियमच सुचवेन. ती अर्धवट चार्ज राहिली तरी बिघडत नाही आणि तिला डिस्टिल्ड वॉटर लागत नाही. लेड-ॲसिडमध्ये पाणी कमी झालं की लोक हातपंपाचं पाणी ओततात, आणि त्यातले क्षार प्लेटा खातात. घेताना आत बीएमएस, म्हणजे सेलचं रक्षण करणारं सर्किट, आहे ना हे पक्कं करा आणि वॉरंटी संस्थेच्या नावावर लिहून घ्या.

आता वायर. ही गोष्ट बारीक वाटते, पण बरेच संच इथेच मार खातात. पॅनेलवर १८ व्होल्ट छापलेले असतात ते २५ अंशांना. मे महिन्यात पॅनेलचे सेल ६० अंशांपर्यंत तापतात आणि व्होल्टेज साडेपंधराच्या आसपास येतं. पॅनेल ते कंट्रोलर दहा मीटर अंतर असेल आणि वायर एक स्क्वेअर एमएमची असेल तर जाऊन-येऊन वीस मीटरमध्ये आणखी सव्वा व्होल्ट गळतो. उरतात सव्वाचौदा. बॅटरी पूर्ण भरायला साधारण १४.४ लागतात. म्हणजे भर उन्हातही ती फार हळू भरते, अनेकदा अपुरीच राहते आणि कुणालाच कारण कळत नाही. तीच वायर चार स्क्वेअर एमएमची घातली की गळती पाव-अर्ध्या व्होल्टवर येते. कोटेशनमध्ये वायरीचा गेज (जाडी) लिहिलेला नसेल तर तो लिहून मागा. वायर पाइपातून न्या, नाहीतर उंदीर कुरतडतात.

सावलीचंही तसंच आहे. लहान पॅनेलमध्ये ३६ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. आंब्याच्या एका फांदीची सावली अर्ध्या भागावर पडली तर अर्धी वीज मिळेल असं वाटतं. प्रत्यक्षात व्होल्टेज नऊवर येतं, बॅटरी बारावर असते, आणि साध्या कंट्रोलरमधून काहीच आत जात नाही. त्यामुळे जागा सकाळी नऊला आणि दुपारी तीनला, दोन्ही वेळा बघून ठरवा. तोंड दक्षिणेला आणि उतार सुमारे २० अंश ठेवा. कौलारू किंवा गवताच्या छपरावर वजन टाकण्यापेक्षा अंगणात पाइपाचा खांब बरा. पुसायलाही हात पोचतो.

लोक कंट्रोलर बायपास करतात, ही सगळ्या संस्थांची तक्रार. लाल दिवा लागून पुरवठा तुटला की टीव्हीची वायर थेट बॅटरीच्या टोकांना लावतात. याला ताकीद देऊन उपयोग होत नाही. ज्या घरात टीव्ही किंवा पंखा चालणार हे दिसतंय, तिथे सुरुवातीलाच मोठा संच द्या. १५ वॅटचा डीसी (थेट बॅटरीवर चालणारा) पंखा आठ तास चालवायचा तर १२० वॅट-तास आणखी लागतात, म्हणजे जवळपास सव्वादोनपट संच.

आता पाचव्या वर्षाचा हिशोब. घरटी महिना १०० रुपये धरा. तीस घरांचे ३,००० झाले. त्यातले १,००० पाड्यावरच्या देखभाल करणाऱ्या व्यक्तीला. उरलेले २,००० पाड्याच्या समितीच्या बँक खात्यात. साठ महिन्यांत १,२०,००० होतात, म्हणजे घरटी ४,०००. तेवढ्यात बॅटरी बदलते, आणि जुनी विकून येणारी रक्कमही त्याच खात्यात जायला हवी. मात्र दरमहा वसुलीचा हट्ट धरू नका. या भागातली अनेक कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. भात निघाल्यावर आणि भट्टीवरून आल्यावर, असे वर्षाला दोन हप्ते घेतले तर वसुली टिकते. घरटी संच अकरा हजारांत बसतो असं धरलं तर तीस घरांचे ३ लाख ३० हजार होतील. उरलेला पैसा सगळा साहित्यात घालू नका. सुटे कंट्रोलर, दिवे, मल्टिमीटर, दोघांचं प्रशिक्षण आणि समितीच्या खात्यात सुरुवातीची ठेव यांसाठी तो राखून ठेवा.

प्रशिक्षण कुणाला द्यायचं हेही महत्त्वाचं. राजस्थानातलं तिलोनियाचं बेअरफूट कॉलेज गावातल्या प्रौढ, अनेकदा निरक्षर बायकांनाच सोलरची दुरुस्ती शिकवतं. तरुण मुलगा शिकला की शहरात नोकरी धरतो, आजी गावातच राहते, हा त्यामागचा सरळ विचार आहे. तुमच्या पाड्यावरही निदान एक बाई असू द्या.

पाड्यावर वीज असेल, तर माझी पहिली पसंती पिण्याच्या पाण्याच्या सोलर पंपाला. तीस घरं, दीडशे माणसं, माणशी ५५ लिटर (जलजीवन मिशनचं प्रमाण हेच आहे) म्हणजे रोज सव्वाआठ हजार लिटर. ते ६० मीटर चढवायला, पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरली तरी, साडेतीन युनिटच्या आत वीज लागते. एक एचपीचा पंप आणि १.२ किलोवॅटची पॅनेलं पुरतात. यात बॅटरीच नाही, साठा टाकीत होतो, त्यामुळे पाचव्या वर्षाचा प्रश्न खूप हलका होतो. जपायचं ते उगमाला. विहिरीची आवक मे महिन्यात मोजा, जानेवारीत नाही. जानेवारीत भरपूर दिसणारी विहीर मेमध्ये तळ गाठते आणि पंप कोरडा चालून जळतो. कोरडं चालू न देणारा सेन्सर कोटेशनमध्ये हवाच.

जवळ आश्रमशाळा असेल तर आधी पंखे बदला. जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. रोज बारा तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर पंख्यामागे १६२ युनिट वाचतात, दहा पंख्यांमागे १,६२०. एक किलोवॅट सोलर वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं. म्हणजे दहा पंखे बदलणं हे एक किलोवॅट बसवण्याहून जास्त आहे, आणि खर्च त्याच्या निम्म्याच्या घरात. शिवाय रात्री वीज गेल्यावर आठ तास पंखे चालवायला सहा युनिटऐवजी अडीच युनिटांचीच बॅटरी लागते. वीज बचतीला देणगी मिळवणं अवघड जातं, कारण पंख्यावर कोनशिला लावता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता संस्था. ग्राम ऊर्जा ही पुण्याची. ती धर्मादाय न्यास नाही, कंपनी आहे, पण दुर्गम वाड्या-पाड्यांवरची सोलर मायक्रोग्रिड (वस्तीपुरती छोटी वीजव्यवस्था) आणि पाण्याचे पंप हेच तिचं क्षेत्र. जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत तिने २०१२ मध्ये चाळीसेक घरांसाठी मायक्रोग्रिड उभारलं, घरोघर मीटर बसवले आणि वसुली गावाच्या समितीकडे दिली. बंगळुरूचं सेल्को फाउंडेशन आरोग्य केंद्रं आणि उपजीविकेची साधनं (शिवणयंत्र, पिठाची गिरणी वगैरे) सोलरवर आणण्यात पुढे आहे. सेल्को कंपनी १९९५ ची. तिचे सहसंस्थापक हरीश हांडे यांना २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तुमच्या पाड्याची खरी अडचण चुलीचा धूर आणि सरपण ही असेल तर पुण्याची आरती संस्था बघा. उसाच्या पाचटापासून कोळसा आणि घरगुती बायोगॅस या कामांसाठी तिला २००२ आणि २००६ मध्ये ब्रिटनचे ॲशडेन पुरस्कार (स्वच्छ ऊर्जेच्या कामासाठीचे) मिळाले. प्रयासचा ऊर्जा गट, तोही पुण्याचाच, काहीही बसवत नाही. वीजदर, पुरवठ्याचा दर्जा, उपकरणांची कार्यक्षमता यांवर अभ्यास करून तो वीज नियामक आयोगापुढे ग्राहकांची बाजू मांडतो. तुमचे पाच लाख पाड्यासाठीच आहेत, पण कुणाला वेगळी देणगी द्यायची असेल तर हे काम लाखो घरांपर्यंत पोचतं.

फुकट द्यावं की नाही, यावर ब्रिटनच्या सोलरएडचा मार्ग लक्षात घेण्यासारखा आहे. आफ्रिकेत त्यांनी दिवे वाटले नाहीत, विकले, म्हणजे स्थानिक दुकानदार आणि दुरुस्ती टिकून राहते. अगदी गरीब घरांसाठी मलावीत त्यांनी दुसरा उपाय केला: संच संस्थेचा, कुटुंबाने फक्त वापराचे पैसे द्यायचे, देखभाल संस्थेकडे. तुमच्या पाड्याला मला हाच जास्त जवळचा वाटतो.

कागदपत्रांत फार अडकू नका, पण दोन गोष्टी चुकवू नका. अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांचे पैसे, किंवा तिथल्या मंडळाचे, परकीय देणगी ठरतात. ते एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यातच जायला हवेत. तुमच्या खात्यावर मागवून पुढे पाठवू नका. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेल्या पैशाला हा नियम लागत नाही. दुसरं, देणगीवरची आयकर सवलत (८०जी म्हणून ओळखली जाणारी) हवी असेल तर ती जुन्या कररचनेतच मिळते, दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि संस्थेने देणगीची नोंद करून दिलेलं प्रमाणपत्र लागतं.

पैसे एकरकमी देऊ नका. निम्मे साहित्य पाड्यावर पोचल्यावर, तीस टक्के बसवून झाल्यावर, आणि वीस टक्के हातात ठेवा. हा शेवटचा हप्ता ऑगस्टमधल्या चाचणीनंतर द्या. सलग तीन दिवस ढगाळ गेले की संध्याकाळी सातला चार घरं तुम्ही निवडा, संस्थेला निवडू देऊ नका. सगळे दिवे लावा आणि रात्री बाराला किती पेटलेत ते मोजा. एखाद्या घरात विझले असतील तर पॅनेलची सावली, वायरीचा गेज आणि बॅटरीच्या टोकांचा सैलपणा, याच क्रमाने तपासायला सांगा.