आजोबांच्या ९१ वर्षांच्या आयुष्यावर स्मरणलेख कसा लिहावा?

तुम्ही लिहिलंय की आजोबा ९१ व्या वर्षी गेले, महिन्याभरात स्मरणसभेत आठ मिनिटं बोलायचं आहे, सोबत छोटी पुस्तिकाही काढायची आहे आणि श्रद्धा, कुटुंब, समाजसेवा या तीन शब्दांपुढे काही सुचत नाही.

आधी एक वजाबाकी करा. तुमचा जन्म झाला तेव्हा ते साठीचे होते असं धरू. तुम्हाला नीट आठवायला लागलं पाचव्या वर्षापासून. म्हणजे तुम्ही पाहिलेले आजोबा पासष्टीच्या पुढचे, निवांत झालेले, नातवंडांना न रागावणारे. त्याआधीची ६५ वर्षं तुमच्यासमोर घडलेलीच नाहीत. नातवंडांनी लिहिलेले स्मरणलेख एकसारखे वाटतात ते यामुळेच. तेव्हा लिहायला बसण्याआधी ती ६५ वर्षं गोळा करा.

एका वहीत ९१ ओळी आखा आणि चार रकाने करा: साल, त्यांचं वय, काय घडलं, कोणी सांगितलं. चौथा रकाना टाळू नका. दोन काका दोन वेगळी सालं सांगतील तेव्हा तोच उपयोगी पडतो. वडीलधाऱ्यांना सालं आठवत नाहीत. घरं, बाळंतपणं, बदल्या आठवतात. ‘हे कधी झालं?’ असं विचारण्यापेक्षा ‘तेव्हा धाकटी आत्या झाली होती का?’ असं विचारा. आत्याच्या जन्मतारखेवरून साल आपोआप निघतं.

गाठीभेटी वयाने सर्वांत मोठ्या माणसापासून सुरू करा, आणि त्या याच आठवड्यात. एका बैठकीला पाऊण तास पुरे. त्यापुढे वृद्ध माणूस थकतो आणि उत्तरं आखूड होतात. दोन भावंडांना एकत्र बसवू नका, एकाचा आवाज दुसऱ्याची आठवण गिळतो. ध्वनिमुद्रणासाठी मोबाइल विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन घडी केलेल्या टॉवेलवर बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. टेबलावर नुसता ठेवलात तर कपबशीचा प्रत्येक आवाज घणासारखा येतो. सुरुवातीला नाव, नातं आणि तारीख बोलून घ्या, अर्धं मिनिट ऐकून पाहा, मग पुढे जा. सगळं उतरवून काढण्याच्या भानगडीत पडू नका, एका तासाच्या बोलण्याला चार-पाच तास सहज लागतात. कितव्या मिनिटाला काय आहे एवढंच टिपा.

‘आजोबा कसे होते?’ हा प्रश्न विचारूच नये. ‘देवमाणूस होते’ हे उत्तर येतं आणि विषय संपतो. ‘सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचे?’, ‘कोणत्या गोष्टीवर चिडायचे?’, ‘पैसे कमी पडले तेव्हा घरातलं काय बंद झालं?’ असे प्रश्न विचारा. उत्तर संपल्यासारखं वाटलं तरी पाच-सात सेकंद गप्प राहा. खरी गोष्ट बहुतेक वेळा त्यानंतर येते.

एक अडचण हमखास येईल. माणसाला आपल्या १० ते ३० या वयातल्या आठवणी जास्त ठळक राहतात, हे मानसशास्त्रात बऱ्याच वेळा दिसून आलं आहे. त्यामुळे आजोबांच्या बरोबरीचे लोक त्यांचं तरुणपण भरभरून सांगतील, मुलं आपल्या लहानपणीचे वडील सांगतील आणि आजोबांची ४५ ते ६५ ही वर्षं रिकामी राहतील. सेवेचं बरंचसं काम नेमकं याच काळातलं असण्याची शक्यता असते. ते कागदांतून काढावं लागतं: जुन्या डायऱ्या, पावतीपुस्तकं, बँकेची पासबुकं, त्यांना आलेली पत्रं, ज्या संस्थेत काम केलं तिची इतिवृत्तं. इतिवृत्तात हजेरी असते, ठराव कोणी मांडला ते असतं. ‘शेकडो लोकांना मदत केली’ हे वाक्य कोणाच्याही आजोबांना लागू पडतं. ‘सलग ११ वर्षं दर रविवारी सकाळी हिशेब लिहायला जायचे’ हे त्यांचं एकट्याचं आहे. मात्र ११ ला ५२ ने गुणून ५७२ रविवार असा आकडा बनवू नका, आजारपणाचे आणि प्रवासाचे रविवार त्यात असतातच. आणि ज्याला मदत केली त्याचं नाव त्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या परवानगीशिवाय छापू नका. आजोबांनी गुपचूप केलेलं आपण जाहीर करायचं, हे बरं नाही.

श्रद्धेबद्दल लिहिताना बहुतेकांचा हात घसरतो. ‘अढळ श्रद्धा होती’ असं लिहून मोकळं होतात. त्यांच्या मनात काय होतं हे आपल्याला ठाऊक नसतं, ते काय करत होते हे ठाऊक असतं. रोज वाचायचे ते पुस्तक हातात घ्या. कोणती पानं मऊ पडली आहेत, कुठे खूण आहे, समासात तारीख लिहिली आहे का, ती तारीख वहीतल्या कोणत्या घटनेशी जुळते, हे पाहा. मूल गेल्यावर किंवा नोकरी सुटल्यावर काही काळ प्रार्थना थांबली असेल, तर तेही लिहा. थांबून पुन्हा सुरू झालेली श्रद्धा वाचणाऱ्याला पटते.

कुटुंबाच्या भागात चुका नावांच्या होतात. लहानपणी गेलेलं मूल, बोलणं तुटलेला भाऊ, पहिली पत्नी ही नावं गळतात आणि सभेतच कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी येतं. प्रत्येक शाखेची नावं त्याच शाखेतल्या माणसाकडून तपासून घ्या. आजीला एका ओळीत गुंडाळू नका, ही माझी आग्रहाची विनंती. वरच्या उदाहरणासारखे आजोबा ११ वर्षं दर रविवारी बाहेर असतील, तर तेव्हा घर कोण सांभाळत होतं, हे त्याच परिच्छेदात यायला हवं.

फोटो ६०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके या मापाने, स्कॅन करा. चार बाय सहा इंचांच्या फोटोची २४०० बाय ३६०० पिक्सेलची प्रत मिळते, पानभर छापायला पुरते. पासपोर्ट आकाराचे १२०० ने करा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नका, वरचा थर फाटतो. पान तसंच्या तसं स्कॅन करा. मागे बॉलपेनने लिहिलं तर खुणा पुढे उमटतात, म्हणून मऊ पेन्सिलीने कडेला हलकेच लिहा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की फाइल लहान होऊन बारकावे जातात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सगळ्याच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

आठ मिनिटांसाठी ७०० ते ८०० शब्द धरा, पण घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहा. गळा दाटतो तिथे वेळ जातो. तीन प्रसंगांहून जास्त घेऊ नका, उरलेले पुस्तिकेत जातील. मोठ्या अक्षरांत, कागदाच्या एकाच बाजूला छापा, वाक्य पान उलटताना तुटू देऊ नका. एक प्रत दुसऱ्या कोणाकडे देऊन ठेवा, म्हणजे तुम्हाला पुढे वाचवलं नाही तर तो माणूस तिथूनच उचलेल.

मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात: १६, २० किंवा २४. छापखान्यात युनिकोड मजकूर (मोबाइल-संगणकावर आपण एरवी टाइप करतो तो) जुन्या फॉन्टमध्ये बदलला तर रफार आणि जोडाक्षरं बिघडतात. त्यामुळे शेवटचं मुद्रितशोधन फाइल देण्याआधी नव्हे, छापखान्याने बदललेल्या प्रतीवर करा, आणि नावं दोन माणसांनी वेगवेगळी तपासा.