इजेक्टरला 'उत्सर्जक' म्हणू नका

प्रश्न असा आहे: अमोनियावरच्या शीतगृहात द्रव शीतक फिरवणाऱ्या 'इजेक्टर'ला 'उत्सर्जक' म्हणावं का?

अजिबात नाही. हा शब्द ऐकून ऐकून कान किटले आहेत. उत्सर्जन म्हटलं की धुराडं आठवतं, नाहीतर मूत्रपिंड. अमोनियाच्या प्लांटमध्ये उत्सर्जन झालं तर लोक जीव घेऊन पळतील! इजेक्टर बाहेर काहीच सोडत नाही. कंडेन्सर म्हणजे वाफेचा द्रव करणारा भाग; त्यातला द्रव, ३५ अंश सेल्सिअसला सुमारे १३.५ बार दाबाचा, बारीक नॉझलमधून सुसाट सुटतो. वेग वाढतो, दाब पडतो आणि सेपरेटरमधला (द्रव आणि वाफ वेगळी करणाऱ्या टाकीतला) थंड द्रव त्या झोतात ओढला जातो. पुढे नळी रुंदावते, वेग उतरतो, दाब थोडा चढतो आणि तेवढ्या जोरावर दोन्ही द्रव इव्हॅपोरेटरमध्ये, म्हणजे उष्णता शोषून द्रवाची वाफ होते त्या भागात, शिरतात. मोटर नाही, फिरणारा भाग नाही. एरवी एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे द्रवाचा दाब उतरवणाऱ्या झडपेत, फुकट जाणारा दाबच इथे राबतो. म्हणून थंडीत कंडेन्सरचा दाब उतरला की झोतही मंदावतो.

मग नावात 'बाहेर फेकणं' कुठून आलं? वाफेच्या रेल्वे इंजिनातला इजेक्टर व्हॅक्यूम ब्रेकच्या पाइपातली हवा ओढून खरोखरच बाहेर टाकायचा. तिथे नाव चपखल होतं. १८५८ साली फ्रान्सच्या आंरी जिफारने याच युक्तीने बॉयलरमध्ये पाणी घुसवलं, तर ते यंत्र झालं 'इंजेक्टर'. युक्ती एकच, बदलला तो उपसर्ग.

खरी गंमत 'इजेक्टर' या शब्दाच्या मूळ धातूत आहे. लॅटिन 'इयाकेरे' म्हणजे फेकणे. त्याचंच पुनःपुन्हा फेकण्याचं रूप 'इयाक्तारे'. त्यावरून फ्रेंच क्रियापद आलं आणि त्यातून 'जेट'. म्हणजे नॉझलमधला जेट आणि इजेक्टर ही सख्खी भावंडं! आणि आपली जेट्टी? तीही याच घरातली: समुद्रात पुढे 'टाकलेलं' बांधकाम. मांडव्याच्या जेट्टीवर उतरणारा प्रत्येक जण या धातूवर पाय ठेवतो. होडीतून उतरायला आपणही फळी 'टाकतो'च. फेकण्यातून बांधण्याकडे जाणारी ही वाट दोन्ही भाषांना सुचली, असं माझं ठाम मत आहे.

'निक्षेपक' सुचवणाऱ्या पंडितांनी जरा कोश उघडावा. निक्षेप म्हणजे ठेव. शीतगृहात बँक कशाला? क्षिप् (फेकणे) धातू दिसला की उपसर्ग न पाहता शब्द पाडायचा, ही खोड वाईट. या यंत्राचा जीव झोतात आहे. मी 'झोतपंप' म्हणतो. ते रुचत नसेल तर कारागीर रोज म्हणतात ते 'इजेक्टर' उत्तम.