तार मधे कुठे थांबते?

प्रिय मुली,

तुझी परवाची मेल दोनदा वाचली. तारायंत्र आणि साम्राज्यांची चुरस हा विषय सोडून देऊ का, असं विचारलंयस. काही अभ्यासक म्हणतात तारेनं ब्रिटिश साम्राज्य घट्ट बांधलं, काही म्हणतात तारेमुळेच साम्राज्यं एकमेकांच्या उरावर बसली, आणि तुझे गाईड म्हणतात एक बाजू धर आणि पुढे चल. धरू नकोस. समोर येईल त्या तारेला एवढंच विचार: तू मधे कुठे थांबतेस?

माझे वडील तारमास्तर होते. पलीकडून कडकट्ट सुरू झालं की मान तिरकी करून ऐकायचे, पेन्सिलीनं मजकूर कागदावर उतरवायचे, आणि तार पुढच्या गावची असली की तोच मजकूर पुन्हा किल्लीवर वाजवायचे. तेवढा वेळ परक्या घरातलं मरण, कोर्टाचा निकाल, कापसाचा भाव त्यांच्या हातात असायचा. "चूक तारेत होत नाही, मधल्या हातात होते," म्हणायचे. हे रोज कानावर पडत असूनही मी प्रबंध लिहिला तो वेगावर! १८५७ च्या उठावाची बातमी लंडनला पोचायला सुमारे दीड महिना लागला, १८७० नंतर काही तास पुरले, वगैरे. वडिलांना त्यांच्या कामाबद्दल एकदाही नीट बसून विचारलं नाही. आता ते नाहीत.

म्हणून तुझ्यावर चिडतो. तूही पहिल्या प्रकरणात वेगाचाच तक्ता लावलायस.

१८६५ ची तार बघ. कराचीहून ग्वादर, तिथून इराणच्या आखाताच्या तळाशी केबल, आखाताच्या वरच्या टोकाला, फाओ गावी ती किनाऱ्यावर येते आणि पुढे बगदादमार्गे कॉन्स्टँटिनोपल, आजचं इस्तंबूल. म्हणजे लंडनचा निरोप तुर्की सुलतानाच्या मुलखात थांबणार. इंग्रजी न येणारे तुर्की कारकून तो अक्षर अक्षर करून पुढे वाजवणार. कित्येक तारा दिवसच्या दिवस रखडत, पोचत तेव्हा मजकुराचा पार चुथडा झालेला असे. तक्रारी इतक्या वाढल्या की १८६६ मध्ये पार्लमेंटच्या समितीनं या दळणवळणाची चौकशी केली.

मग १८७० ची सिमेन्स बंधूंची तार. बर्लिन, वॉर्सा, ओडेसा, तिफ्लिस, तेहरान. ही नावं हळूहळू वाच. ज्या रशियाच्या धास्तीनं हिंदुस्थान सरकार वायव्य सरहद्दीवर डोळे लावून बसलं होतं, त्याच झारच्या मुलखातून, वॉर्सा-ओडेसा-तिफ्लिसमधून, लंडनचा निरोप हिंदुस्थानात येत होता. त्याच वर्षी 'ग्रेट ईस्टर्न' जहाजानं मुंबई ते एडन केबल टाकली. एडन, माल्टा, जिब्राल्टर हे थांबे ब्रिटिशांच्या हातचे. तरी इजिप्त आणि पोर्तुगाल मधे उरलेच, आणि परक्याची जमीन वगळून तार न्यायची ही धडपड १९०२ मध्ये पॅसिफिकची केबल पुरी होईपर्यंत चालली. वेगाच्या तक्त्यात यातलं काय दिसतं, सांग बरं?

मक्रानवर, म्हणजे बलुचिस्तानच्या किनारपट्टीवर, मात्र तू दोनच ओळी लिहिल्यास, ते मला लागलं. कराची ते ग्वादर खांब रोवायचे होते. त्या किनाऱ्यावर कलात संस्थानच्या खानाचा दावा, इराणच्या शहाचा दावा, आणि ग्वादर मस्कतच्या सुलतानाकडे. तारेची राखण करायची म्हणून स्थानिक सरदारांना वर्षासन बांधून दिलं गेलं. गोल्डस्मिड हा तारखात्याचा अधिकारी वाटाघाटी करत फिरला आणि १८७१ मध्ये इराण आणि कलातमधली सरहद्द ठरवण्याच्या कामावरही तोच होता. खांब आधी, सरहद्द मागून! बाई, तुझा प्रबंध इथं आहे.

हेच मक्रानचं प्रकरण गाळा, वाचकाला रस नाही, असं मला एका प्रकाशकानं सांगितलं होतं. मी हस्तलिखित परत घेतलं. पुस्तक आलं नाही, नोकरीत माझ्या मागून लागलेले पुढे गेले, घरीही बोलणी खाल्ली. हट्टीपणा म्हण हवं तर. पण ते प्रकरण काढलं असतं तर उरला असता तोच वेगाचा तक्ता, आणि त्यावर स्वतःचं नाव घालायला मी तयार नव्हतो, आजही नाही.

सुदानमधल्या फाशोडाचंही तसंच. फ्रेंच अधिकारी मार्शांनी दोन वर्षं आफ्रिका तुडवून जुलै १८९८ मध्ये नाईलवर फ्रेंच निशाण लावलं. सप्टेंबरात ब्रिटिश सेनापती किचनेर पोचला. त्याच्यामागे खार्टुमजवळच्या ओमदुरमानपर्यंत तार होती, मार्शांकडे काहीच नव्हतं. पॅरिसला आपल्याच माणसाची खबर आधी ब्रिटिशांकडून कळली. शेवटी फ्रेंचांनी माघार घेतली. तू यावर सैन्याचे आकडे दिलेस. पॅरिसचा निरोप कुणाच्या टेबलावर थांबला असता, ते लिही.

गाईडशी भांडू नकोस, पण बाजूही घेऊ नकोस. रविवारी सकाळी ये. पहिलं प्रकरण आणू नकोस. फाओपासून कराचीपर्यंतचा मोठा नकाशा आण आणि मऊ पेन्सिल आण. बुशहर, जास्क, ग्वादर, एकेका ठाण्याशी थांबत जाऊ. वडिलांची पितळी किल्ली काढून ठेवतो, वाजवून बघ.